लिनक्स मेमरी हॉटप्लग: चालू मशीनमध्ये रॅम घातली जाते पण निघत नाही, नक्की अडतं कुठे?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. हा प्रश्न इथे टाकतोय कारण इंग्रजीत वाचून वाचून डोकं भणाणलंय, आणि आपल्या भाषेत कोणी नीट उलगडून सांगितलं तर माझ्यासारख्या अजून चार जणांचं काम होईल.

सेटअप असा. केव्हीएमचा (लिनक्समधली आभासी मशीन चालवायची सोय) एक होस्ट, म्हणजे खरं मशीन, त्यावर बरेच व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, त्यातल्या एकावर पोस्टग्रेस डेटाबेस. एरवी त्याला ८ जीबी पुरते, पण महिनाअखेरीला हिशोबाचे मोठे रिपोर्ट चालतात तेव्हा आम्ही व्हीएम चालू असतानाच त्याला १६ जीबीची एक डिम (रॅमची पट्टी, इथे आभासी) जोडतो. म्हणजे क्यूएमूमध्ये (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) मेमरी बॅकएंड बनवायचा आणि वर पीसी-डिम डिव्हाइस ॲड करायचं. हे एकदम सुरळीत चालतं, लगेच गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आतल्या लिनक्समध्ये, २४ जीबी दिसायला लागते. काम झालं की ती १६ जीबी परत होस्टला द्यायची असते कारण मग दुसऱ्या व्हीएमची पाळी असते, आणि इथे घोडं पेंड खातं. डिव्हाइस डिलीट दिलं की क्यूएमू गप्प, गेस्टच्या लॉगमध्ये ऑफलाइन जमलं नाही असं येतं आणि डिम जागच्या जागी.

मग गेस्टमध्ये /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/मेमरी मध्ये जाऊन एकेका ब्लॉकच्या (मेमरीचा १२८ एमबीचा तुकडा) स्टेट फाइलमध्ये ऑफलाइन लिहून पाहिलं. १२८ ब्लॉक आहेत, त्यातले बरेचसे मुकाट जातात, काही मात्र 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणून हटूनच बसतात. फ्री कमांड बघितली तर निम्म्याहून जास्त मेमरी रिकामी! रिकामी असताना बिझी कशी काय? कर्नल ५.१४ वर आधारलेला आहे, डिस्ट्रोचा एंटरप्राइजवाला.

तांबडा_रस्सा

रिबूट मार, ८ जीबीवर उठव, विषय संपला. महिन्यातून एकदाच तर आहे.

भीमाकाठ

रिबूट करता आला असता तर हॉटप्लगच्या वाटेला कशाला गेलो असतो भाऊ. त्या बेसवर दिवसरात्र ॲप्स जोडलेली आहेत, डाउनटाइम मागायचा म्हणजे तीन लोकांच्या सह्या.

सह्यकडा

भीमाकाठ, प्रश्न चांगला मांडलायस आणि उत्तर थोडं लांब आहे, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, कर्नलच्या दृष्टीनं मेमरी जोडणं ही एक नाही दोन कामं आहेत. पहिलं काम ॲड. म्हणजे हा अमुक फिजिकल पत्ता ते तमुक पत्ता आता मेमरी आहे हे कर्नलला कळतं, त्या पल्ल्यातल्या प्रत्येक ४ केबी पानासाठी एक स्ट्रक्ट पेज तयार होतं, आणि सिसएफएसमध्ये, म्हणजे /सिस मध्ये, तू बघतोयस ते ब्लॉक उगवतात. एवढ्यानं मेमरी वापरात येत नाही. दुसरं काम ऑनलाइन. त्यात तो ब्लॉक कुठल्या तरी झोनमध्ये (कर्नलनं मेमरीचे पाडलेले गट) टाकला जातो आणि त्याची पानं बडी ॲलोकेटरच्या, म्हणजे मोकळी पानं वाटणाऱ्या भागाच्या, हवाली होतात, मग तिथून कोणीही मागेल त्याला ती मिळतात. काढताना हेच उलटं, आधी ऑफलाइन आणि मग रिमूव्ह. तुझं अडलंय ते ऑफलाइनमध्ये.

ऑफलाइन करताना कर्नल त्या ब्लॉकमधली सगळी पानं आधी आयसोलेट करतो, म्हणजे तिथून नवीन वाटप बंद. मग जी पानं वापरात आहेत ती उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो. प्रोसेसची मेमरी असेल तर नेता येते, कारण प्रोसेसला फक्त व्हर्च्युअल पत्ता माहीत असतो, खालचं पान बदललं आणि पेज टेबलमधली (कुठला व्हर्च्युअल पत्ता कुठल्या पानाला जातो त्याची यादी) नोंद बदलली की त्याला पत्ताही लागत नाही. पेज कॅशचंही, म्हणजे रॅममध्ये ठेवलेल्या फाइलींच्या प्रतींचंही, तसंच. पण कर्नलची स्वतःची पानं, म्हणजे स्लॅब (कर्नलच्या छोट्या नोंदींचा साठा), पेज टेबलं, कर्नल स्टॅक, ड्रायव्हरनं डीएमएसाठी (डिव्हाइसनं थेट मेमरी वापरण्यासाठी) घेतलेले बफर, यांना कर्नल थेट पत्त्यानं ओळखतो. कोणकोणत्या पॉइंटरमध्ये तो पत्ता लिहून ठेवलाय हे शोधून काढायची सोय नाही, म्हणून ती पानं हलवता येत नाहीत. १२८ एमबीच्या ब्लॉकमध्ये ४ केबीची ३२,७६८ पानं असतात. त्यातलं एकच पान असं निघालं तरी अख्खा ब्लॉक अडला. म्हणून फ्रीमध्ये किती रिकामी दिसते याचा इथे काही उपयोग नाही, एक डेंट्री (फाइलच्या नावाची कर्नलनं ठेवलेली नोंद) अडकून बसली तरी पुरते.

आणि पीसी-डिमचा नियम अजून कडक आहे, तिथे सगळं किंवा काहीच नाही. क्यूएमू एसीपीआयमधून (हार्डवेअर आणि ओएसमधला ठरलेला संवाद) गेस्टला इजेक्टची विनंती पाठवतो, गेस्ट त्या डिमचे सगळे ब्लॉक ऑफलाइन करायला घेतो, एक जरी अडला तरी आधी गेलेले ब्लॉकसुद्धा परत ऑनलाइन करून टाकतो आणि वर कळवतो की जमलं नाही. १२८ मधला एक ब्लॉक, म्हणजे १६ जीबी अडकली.

आता मला सांग, ते ब्लॉक ऑनलाइन कोण करतं, आणि कुठल्या झोनमध्ये? प्रत्येक ब्लॉकच्या फोल्डरमध्ये व्हॅलिड झोन्स नावाची फाइल आहे ती वाच. एलएसमेम कमांडला झोन कॉलम मागितलास तर सगळं एकत्र दिसेल.

भीमाकाठ

सह्यकडा दादा, खूप आभार, इतकं स्पष्ट कुठेच वाचलं नव्हतं. बघितलं, सगळे १२८ च्या १२८ नॉर्मल दाखवतायत. ऑनलाइन कोण करतं हे शोधलं तर यूडेव्हच्या (नवीन डिव्हाइस आलं की ठरलेली कामं करणारी सेवा) रूल्समध्ये एक ओळ सापडली, मेमरी ॲड झाली आणि स्टेट ऑफलाइन असेल तर ऑनलाइन लिही अशी. ही डिस्ट्रोबरोबरच आलेली आहे, आमच्यापैकी कोणी टाकलेली नाही.

सह्यकडा

मग झालं, तुझं दुखणं सापडलं. काढायच्या दिवशी काही करून उपयोग नसतो, ती मेमरी परत मिळणार की नाही हे ज्या क्षणी ऑनलाइन केली त्याच क्षणी ठरून जातं. नुसतं ऑनलाइन लिहिलं की ती साध्या सेटिंगला झोन नॉर्मलमध्ये जाते. त्या झोनमध्ये कर्नलला वाटेल ते ठेवायची मुभा आहे. रात्री बॅकअप चालला, लाखो फाइलींवरून फिरला, डेंट्री आणि आयनोडच्या (फाइलच्या माहितीची नोंद) स्लॅबसाठी पानं लागली, नवीन डिममध्ये जागा मोकळी होती, तिथे जाऊन बसली. झालं.

स्टेटमध्ये ऑनलाइनच्या ऐवजी ऑनलाइन_मूव्हेबल लिहायचं. मग तो ब्लॉक झोन मूव्हेबलमध्ये जातो आणि तिथे फक्त हलवता येतील अशीच वाटपं होतात. प्रोसेसची मेमरी, पेज कॅश, वगैरे. डेटाबेससारख्या कामाला तेच तर हवं असतं.

म्हणून आधी तो यूडेव्ह रूल बंद कर किंवा त्यातच ऑनलाइन_मूव्हेबल कर. दुसरा रस्ता म्हणजे बूट कमांडलाइनला मेमएचपी_डिफॉल्ट_स्टेट=ऑनलाइन_मूव्हेबल द्यायचं, मग कर्नल स्वतःच तसं करतो, यूडेव्हची वाट बघत नाही. दोन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या सेटिंगनं ठेवू नकोस, जो आधी पोचेल त्याचा झोन लागेल आणि मग तू डोकं धरून बसशील.

म्हापसेकर

छान चाललाय धागा. एक शंका, प्रत्येक ब्लॉकच्या फोल्डरमध्ये रिमूव्हेबल नावाची पण फाइल असते ना? भीमाकाठच्या अडलेल्या ब्लॉकमध्ये तिथे काय दिसतं? ० असेल तर आधीच कळायला हवं होतं.

भीमाकाठ

बघितलं होतं. सगळीकडे १ आहे, अडलेल्यांतसुद्धा. म्हणून तर जास्त गोंधळलो.

सह्यकडा

त्या फाइलवर विसंबू नका. पूर्वी कर्नल खरंच ब्लॉक चाळून अंदाज द्यायचा, पण तो अंदाज वाचून होईपर्यंतच खोटा ठरू शकायचा, म्हणून नंतर ते काढून टाकलं. आता कर्नलमध्ये हॉट रिमूव्हची सोय बांधलेली असेल तर तिथे सरसकट १ येतो, जुनी टूल्स मोडू नयेत एवढ्यासाठीच ती फाइल ठेवलीय. ऑफलाइन होईल का याची एकच खरी परीक्षा, ऑफलाइन करून बघणं.

अजून एक, ब्लॉक साइझ बाइट्स नावाच्या फाइलमध्ये आकडा हेक्समध्ये असतो. तिथे ८०००००० दिसलं तर ते ऐंशी लाख नव्हेत, ते १२८ एमबी आहेत. मोठ्या फिजिकल सर्व्हरवर, ६४ जीबीच्या पुढे, हाच ब्लॉक २ जीबीचा असतो. तिथे एक पान अडलं तर २ जीबी अडते.

डीबीए_मंजिरी

सह्यकडा सर, तुमचं सगळं पटलं पण ऑनलाइन_मूव्हेबलचा सल्ला असा सरसकट देऊन थांबू नका, मी त्याची दुसरी बाजू बघितलेली आहे आणि ती फार वाईट आहे.

एका ठिकाणी १६ जीबीचा व्हीएम, वर ४८ जीबी हॉटप्लग, सगळी मूव्हेबल. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर (सगळ्या प्रोसेसची सामायिक मेमरी) १६ जीबी, ह्यूज पेजेस (४ केबीऐवजी मोठी पानं) बंद, थोडीच कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा कनेक्शन पूलर नाही, ४०० च्या आसपास बॅकएंड प्रोसेस (दर कनेक्शनला एक) दिवसभर उघड्या. आता हिशोब करा. ४ केबीच्या एका पानाला पेज टेबलमध्ये ८ बाइटची एक नोंद लागते. १६ जीबी म्हणजे जवळजवळ ४२ लाख पानं, म्हणजे ३२ एमबी पेज टेबल. पण ते प्रत्येक प्रोसेसचं वेगळं असतं! शेअर्ड बफर सगळ्यांचे एकच, पेज टेबल प्रत्येकाचं स्वतंत्र. बॅकएंड जितका वेळ जगतो तितके जास्त बफर तो शिवतो आणि हळूहळू ३२ एमबीकडे सरकतो. ४०० गुणिले ३२, साडेबारा जीबीच्या वर. आणि ही पेज टेबलं सर नुकतेच म्हणाले तशी न हलणारी, म्हणजे मूव्हेबल झोनमध्ये त्यांना प्रवेश नाही, ती सगळी त्या मूळच्या १६ जीबीतच बसवायची. त्यात स्लॅब, नेटवर्कचे बफर, आणि वर जोडलेल्या ४८ जीबीचे स्ट्रक्ट पेजसुद्धा.

ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, आला. फ्री कमांडला वीसेक जीबी मोकळी दिसत असताना ओओएम किलरनं पोस्टग्रेसचा बॅकएंड मारला, त्याबरोबर अख्खा पोस्टग्रेस क्रॅश रिकव्हरीत गेला. सगळे म्हणत होते मेमरी तर रिकामी आहे, कर्नलमध्ये बग आहे. बग नव्हता. ओओएमच्या लॉगमध्ये झोनवार आकडे असतात, त्यात नॉर्मल तळाला लागलेला आणि मूव्हेबल भरपूर मोकळा, स्वच्छ लिहिलेलं होतं.

भीमाकाठ, तू /प्रॉक/मेमइन्फो मधली पेजटेबल्सची ओळ बघ आणि महिनाअखेरीला परत बघ. आणि शेअर्ड बफरसाठी २ एमबीची ह्यूज पेजेस लाव, पेज टेबलचा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. २ एमबीची ह्यूज पेजेस एक्स८६ वर हलवता येतात त्यामुळे ती मूव्हेबलमध्येही राहू शकतात. १ जीबीवाल्यांच्या नादी लागू नकोस, ती हलत नाहीत.

सह्यकडा

मंजिरीताई, मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि तुम्ही तो आकड्यांनिशी मांडलात हे फार बरं झालं. भीमाकाठच्या केसमध्ये ८ ला १६, म्हणजे एकास दोन, तिथे मला धोका वाटत नाही म्हणून मी थेट सांगितलं. पण ८ जीबीच्या व्हीएमला कोणी १०० जीबी मूव्हेबल जोडत असेल तर ते आगीशी खेळणं आहे.

कर्नलमध्ये यासाठी आता एक पॉलिसी आहे, ऑटो-मूव्हेबल नावाची. मेमरी_हॉटप्लगच्या ऑनलाइन_पॉलिसी पॅरामीटरला ती दिली की कर्नल स्वतः प्रमाण बघून ठरवतो, मूव्हेबल आणि कर्नलच्या झोनचं गुणोत्तर एका मर्यादेत ठेवतो. मर्यादेचा डिफॉल्ट ३०१ टक्के आहे, म्हणजे ढोबळमानानं एक भाग नॉर्मलला तीन भाग मूव्हेबल. त्यापुढची मेमरी मूव्हेबलमध्ये जात नाही. आणि तुमच्या केसनं दाखवलंच की एकास तीनसुद्धा काही कामांना जास्त होतं, म्हणून ऑटो_मूव्हेबल_रेशो आपल्या कामाप्रमाणे खाली आणायचा. भीमाकाठचा कर्नल ५.१४ वर आधारलेला आहे, ही पॉलिसी त्यानंतर मेनलाइनमध्ये, म्हणजे मूळ कर्नलमध्ये, आली, पण एंटरप्राइज डिस्ट्रोवाले मागे आणतात तेव्हा /सिस/मॉड्यूल/मेमरी_हॉटप्लग मध्ये बघ मिळते का.

नवशिका_वाचक

मंजिरीताई म्हणाल्या की वर जोडलेल्या मेमरीचे स्ट्रक्ट पेजसुद्धा मूळच्या मेमरीत बसतात. म्हणजे मेमरी वाढवायलाही मेमरी लागते?

सह्यकडा

हो, अगदी तसंच. एक स्ट्रक्ट पेज ६४ बाइटचं, दर ४ केबीला एक. १२८ एमबीच्या ब्लॉकला २ एमबी, १६ जीबीला २५६ एमबी, १ टीबीला १६ जीबी. साधारण दीड टक्का. हे ॲडच्या टप्प्यातच लागतात, ऑनलाइन होण्याच्या आधी, त्यामुळे जी आधीची मेमरी आहे तीतूनच घ्यावे लागतात. म्हणूनच व्हीएम मेमरीवाचून तडफडत असताना अगदी शेवटच्या क्षणी डिम जोडायला गेलं तर ती जोडणीच फेल होऊ शकते. अलार्म ९५ टक्क्यांवर ठेवून हॉटप्लग करणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, अलार्म बराच आधी वाजायला हवा.

५.१३ पासून यावर एक उपाय आहे, मेममॅप_ऑन_मेमरी. बूटला चालू केलं की नव्या ब्लॉकचे स्ट्रक्ट पेज त्या ब्लॉकच्याच सुरुवातीला ठेवले जातात. जुन्या मेमरीवर भार नाही. बदल्यात प्रत्येक ब्लॉकचा पहिला तुकडा अडलेला राहतो, त्यामुळे ब्लॉकांच्या सीमा ओलांडणारी १ जीबीची सलग पानं तिथे बनत नाहीत. बहुतेकांना त्यानं फरक पडत नाही.

भीमाकाठ

अपडेट देतो. रूल बदलला, व्हीएम एकदा मेंटेनन्समध्ये स्वच्छ ८ जीबीवर उठवला, डिम जोडली, सगळे ब्लॉक मूव्हेबल दाखवतायत. पेजटेबल्स जास्त नाहीत, आमच्याकडे पूलर आहे त्यामुळे बॅकएंड मोजकेच आहेत, तरी ह्यूज पेजेस लावायचं ठरलंय. रिपोर्ट चालले, नंतर एकेक ब्लॉक ऑफलाइन केला तर सगळे गेले! पण दोन ब्लॉकना खूप वेळ लागला, कमांड अडकूनच बसली होती, कंट्रोल-सी मारावं का या विचारात असतानाच सुटली. मूव्हेबलमध्ये असूनही असं का?

सह्यकडा

अभिनंदन! आता तुझी शंका. मूव्हेबल म्हणजे हलवता येण्यासारखी पानं, या क्षणी हलतीलच याची हमी नाही. एखाद्या पानावर त्याच वेळी डायरेक्ट आयओ चालू असेल, कोणी ते तात्पुरतं पिन करून धरलं असेल, तर मायग्रेशन फेल होतं आणि कर्नल परत फिरून येतो, परत प्रयत्न करतो. तो थांबत नाही, सिग्नल मिळेपर्यंत करत राहतो. म्हणून कंट्रोल-सी मारलेलं चालतं, ब्लॉक सुखरूप ऑनलाइन राहतो. स्क्रिप्ट लिहिणार असशील तर टाइमआउट कमांड लावूनच ऑफलाइन कर.

कायमच्या पिनचं वेगळं आहे. आरडीएमए (नेटवर्कवरून थेट मेमरीत वाचन-लेखन) किंवा व्हीएफआयओसारखे (डिव्हाइस थेट व्हीएमला देणं) जे लोक पानं महिनोन्महिने धरून ठेवतात, त्यांनी लाँगटर्म म्हणून मागितलं की कर्नल ते पान आधी मूव्हेबलमधून बाहेर काढतो आणि मगच पिन करू देतो. म्हणजे ती पानं परत नॉर्मलवरच भार टाकतात. आरडीएमए जास्त वापरणाऱ्यांना मूव्हेबल झोन म्हणूनच अडचणीचा वाटतो.

आणि क्रम कायम ठेव. आधी गेस्टमध्ये हातानं सगळे ब्लॉक ऑफलाइन, मग क्यूएमूला डिव्हाइस डिलीट. थेट डिलीट दिलं तर तेच ऑफलाइन कर्नलच्या आतल्या वर्करमधून चालतं, तिथे सिग्नल पाठवायला तुझ्या हातात काहीच नसतं.

सुरू करण्याआधी एकदा बघून घे की १६ जीबीत जे काही आहे ते उरलेल्या ८ मध्ये मावणार आहे. पेज कॅश टाकून देता येते, पण प्रोसेसची मेमरी कुठे तरी जायलाच हवी, नाहीतर स्वॅप आणि त्यापुढे ओओएम.

एखादा ब्लॉक खरंच सुटला नाही तर डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, वाच. कर्नल अडलेल्या पानाची माहिती छापतो, खाली कारण असतं, अनमूव्हेबल पेज किंवा मायग्रेशन फेल्युअर. टेस्ट मशीनवर पेज ओनर चालू करून बूट केलं तर ते पान कोणी घेतलं त्याचा कॉल ट्रेससुद्धा मिळतो. ड्रायव्हरवाल्याशी वाद घालायला याच्यासारखा पुरावा नाही.

म्हापसेकर

इथपर्यंत वाचून मला एकच विचारायचंय, पीसी-डिम कशाला? व्हर्टआयओ-मेम का नाही? कर्नल ५.८ पासून आहे, क्यूएमूत ५.१ पासून, २०२० ची गोष्ट. आम्ही डिम सोडून त्याच्यावर गेलो आणि मागे वळून बघितलं नाही.

त्यात डिम नावाची वस्तूच नसते. एक डिव्हाइस, त्याचा जास्तीत जास्त आकार ठरलेला, आणि रिक्वेस्टेड साइझ नावाचा एक आकडा. होस्टवरून आकडा बदलला की गेस्टमधला ड्रायव्हर हळूहळू तिथपर्यंत जातो. लिबव्हर्टमधून (व्हीएम सांभाळायचं टूल) अपडेट-मेमरी-डिव्हाइसला तोच आकडा द्यायचा. सगळ्यात मोठा फायदा, सगळं किंवा काहीच नाही हा प्रकार नाही. एक्स८६ वर २ एमबी, ४ एमबी अशा छोट्या तुकड्यांत मेमरी परत करता येते. भीमाकाठच्या पहिल्या अवस्थेत, सगळं नॉर्मलमध्ये असताना, डिमनं ० परत दिले. व्हर्टआयओ-मेम असतं तर १६ पैकी जितकी सुटण्यासारखी होती तितकी तरी होस्टला मिळाली असती, अडलेल्या तुकड्यांपुरती मागे राहिली असती.

झोनचा नियम मात्र इथेही तोच. पूर्ण परत हवी असेल तर मूव्हेबल किंवा ऑटो-मूव्हेबल लावायलाच हवं.

तांबडा_रस्सा

मग बलून आणि यात फरक काय? बलूनपण मेमरी घेतो-देतो की.

म्हापसेकर

बलून गेस्टला बूटच्या वेळी दिलेल्या मेमरीतूनच काढून घेतो आणि तेवढीच परत देतो, त्यापलीकडे वाढवू शकत नाही. कुठल्या न्यूमा नोडमधून (सीपीयू आणि त्याच्या जवळच्या मेमरीचा गट) पान घ्यायचं हेही त्याला धड सांगता येत नाही. आणि त्या पानांचे स्ट्रक्ट पेज वगैरे तसेच राहतात. व्हर्टआयओ-मेममध्ये डिव्हाइस ज्या नोडला बांधलंय तिथलीच मेमरी कमीजास्त होते, आणि होस्टला पक्कं माहीत असतं की काढलेल्या तुकड्याला गेस्टनं हात लावायचा नाही.

पॉवरवाला

फार दिवसांनी आवडीचा विषय दिसला. आयबीएमच्या मेनफ्रेम आणि पॉवर सर्व्हरवर काम केलेल्यांना हे सगळं फार ओळखीचं आहे. पॉवरवर लॉजिकल पार्टिशनची मेमरी चालू असताना कमीजास्त करणं हे रोजचं काम, तिथे एककाला एलएमबी म्हणतात, बहुतेक ठिकाणी २५६ एमबीचं. एस३९० वर, म्हणजे मेनफ्रेमवर, स्टँडबाय मेमरी असते, पार्टिशनला लावून ठेवलेली पण ऑफलाइन, लागेल तेव्हा सीएचमेम मारून ऑनलाइन करायची. तुम्ही आता वापरताय ते एलएसमेम आणि सीएचमेम मुळात एस३९० च्याच टूल्समधून आलेले आहेत, नंतर युटिल-लिनक्समध्ये गेले आणि सगळ्यांचे झाले. भीमाकाठ, एकेका स्टेट फाइलमध्ये लिहीत बसण्यापेक्षा सीएचमेमला आकार आणि झोन दोन्ही सांगता येतात, ते बघ.

आइंडहोवनकर

मी सध्या सीएक्सएल मेमरीच्या टेस्टिंगवर आहे म्हणून लिहितो, कारण हा धागा व्हीएमपुरता राहू नये असं मनापासून वाटतं. आतापर्यंत खऱ्या लोखंडी मशीनमध्ये चालू असताना रॅम घालणारे फार थोडे होते, मोठमोठे महागडे सर्व्हर सोडले तर कोणाच्या डिम स्लॉटला ती सोय? सीएक्सएलमुळे ते बदलतंय, कारण मेमरी आता पीसीआयईच्याच भौतिक जोडणीवरून येते आणि पीसीआयई कार्डं चालू मशीनमध्ये काढणं-घालणं आधीपासून होतंच.

लिनक्समध्ये ती येते ती अशी. टाइप ३ डिव्हाइसची (मेमरी पुरवणारं सीएक्सएल डिव्हाइस) मेमरी आधी डॅक्स डिव्हाइस (ॲपनं थेट वापरायची मेमरी) म्हणून दिसते, मग डॅक्ससीटीएल कमांडनं तिला सिस्टम-रॅम मोडमध्ये टाकलं की केमेम ड्रायव्हर तीच ॲड आणि ऑनलाइनची वाट चालतो. हा ड्रायव्हर ५.१ मध्ये, २०१९ साली, पर्सिस्टंट मेमरीसाठी (वीज गेली तरी टिकणारी) आला होता. इंटेलनं २०२२ मध्ये ऑप्टेन ही आपली तशी मेमरी बंद करायचं जाहीर केलं, पण ती सगळी मेहनत आज सीएक्सएलच्या कामी येतेय. मेमरी वेगळ्या न्यूमा नोडवर दिसते, त्या नोडला सीपीयू नसतात.

डॅक्ससीटीएल आपणहून मूव्हेबलमध्येच ऑनलाइन करायला बघतो. पण भीमाकाठला भेटला तसला यूडेव्ह रूल किंवा कर्नलचं ऑटो_ऑनलाइन_ब्लॉक्स सेटिंग आधीच चालू असेल तर डॅक्ससीटीएल पोचायच्या आत ती नॉर्मलमध्ये गेलेली असते. नवीन सर्व्हरवर मी हेच पहिल्यांदा तपासतो. सीएक्सएलच्या मेमरीत कर्नलची स्लॅब जाऊन बसणं हे दुहेरी नुकसान, एक तर ती मेमरी साध्या डीडीआरपेक्षा हळू आणि वर आता काढता येत नाही. ऑफलाइन न होताच ड्रायव्हर अनबाइंड केला तर केमेम स्पष्ट सांगतो की पुढच्या रिबूटपर्यंत हा पल्ला काढता येणार नाही.

काढायचा क्रम: डॅक्ससीटीएलनं मेमरी ऑफलाइन, मग डिव्हाइस परत डेव्हडॅक्स मोडला, मग सीएक्सएल कमांडनं रीजन डिसेबल आणि डिस्ट्रॉय, मग मेमडेव्ह डिसेबल, आणि सगळ्यात शेवटी स्लॉटची पॉवर.

नवशिका_वाचक

आणि कोणी हे काहीच न करता कार्ड ओढून काढलं तर? यूएसबीसारखं?

आइंडहोवनकर

तसं अजिबात करू नका. यूएसबी ड्राइव्ह ओढला तर आयओ एरर येते, ॲपला कळतं, सिस्टम जगते. इथे सीपीयू साधा लोड इन्स्ट्रक्शन चालवतो आणि समोर मेमरीच नसते. एरर कोडनं उत्तर द्यायला तिथे कोणी नाही, मशीन चेक येतो आणि बहुतेक वेळा सिस्टम पॅनिक होते. सिस्टम रॅम म्हणून वापरात असलेली मेमरी न सांगता काढणं कर्नल सांभाळत नाही. स्लॉटवर अटेन्शन बटण असेल तर ते दाबून, दिवा विझेपर्यंत थांबायचं.

डीबीए_मंजिरी

आइंडहोवनकर, हळू मेमरीवर एक प्रश्न. डेटाबेसची गरम पानं तिकडे गेली तर क्वेरी मंदावणार. हे कर्नल सांभाळतो का आपण न्यूमासीटीएलनं बांधायचं?

आइंडहोवनकर

दोन्ही जमतं. ५.१५ पासून डिमोशन आहे, /सिस/कर्नल/एमएम/न्यूमा मध्ये डिमोशन_एनेबल्ड. जवळची मेमरी भरली की थंड पानं टाकून देण्याऐवजी किंवा स्वॅपला पाठवण्याऐवजी सीएक्सएल नोडवर सरकवली जातात. उलट दिशेला, गरम झालेली पानं वर आणायला न्यूमा बॅलन्सिंगचा मोड २, हा ५.१८ पासून. आमच्या अनुभवात डेटाबेसला हे बरं चालतं पण शेअर्ड बफर मात्र मी जवळच्या नोडला बांधूनच ठेवीन, पेज कॅश आणि सॉर्टची मेमरी जाऊ दे तिकडे.

भीमाकाठ

एवढं भरभरून मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. आता आमचं असं ठरलंय: पुढच्या महिन्यापासून व्हर्टआयओ-मेम, ऑनलाइन_मूव्हेबल, कमाल १६ जीबी, आणि अलार्म ७० टक्क्यांवर. शेवटची एक शंका. डिम जोडल्यावर लॉगमध्ये केडंप सर्व्हिस (कर्नल कोसळला की मेमरीची प्रत ठेवणारी) परत परत रीस्टार्ट झालेली दिसते, एकापाठोपाठ एक. हा त्याच ब्लॉकांचा परिणाम का?

सह्यकडा

हो, त्याचाच. क्रॅश डंपसाठी लागणारा मेमरीचा नकाशा केडंप लोड होताना बनतो. नंतर मेमरी वाढली आणि तो परत बनवला नाही तर डंपमध्ये नवीन मेमरी येतच नाही, आणि काढलेल्या मेमरीचा पत्ता नकाशात उरला तर डंप घेतानाच गडबड. म्हणून यूडेव्हमध्ये प्रत्येक मेमरी ब्लॉकच्या घटनेवर केडंप रीलोडचा रूल असतो. १२८ ब्लॉक, १२८ घटना. नव्या कर्नलमध्ये हा नकाशा कर्नल स्वतःच जागच्या जागी बदलतो, क्रॅश हॉटप्लग नावाची सोय आहे, तुझ्या डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये आहे का बघ. नसेल तर रूल काढू नकोस, गोंगाट झाला तरी चालेल. जोडणी झाली की एकदा केडंपचं स्टेटस बघून सर्व्हिस उभी आहे एवढी खात्री कर, कारण इतक्या भराभर रीस्टार्ट झाल्या की सिस्टमडी (सर्व्हिसेस चालवणारा) कधीकधी मर्यादा ओलांडली म्हणून तिला फेल करून ठेवतो, आणि ते ज्या दिवशी डंप हवा असतो त्याच दिवशी कळतं.